राहणीमानाची तुलना

एखाद्या समाजास प्रत्यक्ष लाभणाऱ्या वस्तू, सेवा, आरोग्य व फुरसत यांवरून त्याचे राहणीमान ठरते. देशादेशांतील राहणीमानाची तुलना मात्र सामान्यतः दरडोई उत्पन्नावरूनच करण्यात येते. हिंदुस्थानात या पद्धतीचा पाया दादाभाई नवरोजी यांनी घातला. ब्रिटिश हिंदुस्थानचे १८६७-६८ चे दरडोई उत्पन्न त्यांनी सु. २० रु. ठरविले व १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या निबंधात ते मांडले. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चही याहून अधिक होता, हे त्यांनी प्रांतवार दाखविले. जे पिकते त्याचाही काही भाग इंग्लंडला जातो, हा त्यांचा मुद्दा तुलनेच्या दृष्टीने आकड्याहूनही मोलाचा होय.

चलनांच्या विनिमय दरांवर विसंबून केलेली तुलना फसवी ठरते. म्हणून कॉलिन क्लार्क यांनी १९४० मध्ये क्रयशक्तीवर आधारलेले समान एकक वापरले. १९६८ पासून संयुक्त राष्ट्रे व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांच्या प्रकल्पाने या पद्धतीस व्यापक रूप दिले. त्यामुळे किंमतींची अडचण पुष्कळशी दूर झाली. उत्पन्न कोणाच्या पदरी पडते, ही अडचण राहिलीच. २०१५ मध्ये आयर्लंडचे स्थूल देशांतर्गत उत्पादन एका वर्षात सु. २५ टक्क्यांनी वाढले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले बौद्धिक संपदेचे हक्क तेथे हलविल्याचा तो मुख्यतः परिणाम होता. आयरिश कुटुंबांची मिळकत काही तेवढी वाढली नव्हती. तेथील सांख्यिकी कार्यालयास २०१७ मध्ये सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचे वेगळे मापन सुरू करावे लागले. लक्झेंबर्गमध्ये रोज सीमा ओलांडून येणारे कामगार उत्पादनात मोजले जातात, लोकसंख्येत नाहीत. अमेरिकेचे दरडोई उत्पादन फ्रान्सहून बरेच अधिक आहे. परंतु फ्रेंच कामगार वर्षाकाठी कमी तास काम करतो आणि २०२२ मध्ये फ्रान्समधील सरासरी आयुर्मान अमेरिकेपेक्षा चाराहून अधिक वर्षांनी जास्त होते.

संपन्न राज्याच्या पोटातही हाच प्रश्न उद्‌भवतो. महाराष्ट्राची सरासरी मुंबई, ठाणे व पुणे यांमुळे उंचावते. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात, तेलंगणाच्या सीमेवर असलेल्या झरी जामणी तालुक्यात मार्की-मांगली येथे कोळशाच्या खाणी असून मुकुटबन येथे २०२२ मध्ये सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. हे उत्पादन जिल्हा उत्पन्नात यवतमाळच्या नावे जमा होते. त्यातील नफा मात्र भांडवल जेथील असेल तेथे जातो. तालुक्यातील कोलाम व गोंड कुटुंबे कोरडवाहू शेती व मजुरी यांवरच गुजराण करतात. जिल्ह्याचा आकडा वाढला, एवढ्यावरून त्यांच्या स्थितीविषयी काहीच अनुमान काढता येत नाही.

वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९८३-८४) प्रादेशिक असमतोल मोजताना उत्पन्नाचा आधार घेतला नाही. रस्ते, सिंचन, विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा इ. नऊ क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे आहे, हे तिने पाहिले व ती तूट भरून काढण्याचा खर्च ‘अनुशेष’ म्हणून मांडला. तो सु. ३,१८७ कोटी रु. भरला, त्यांपैकी सु. ३९ टक्के विदर्भाचा होता.