आरोग्यविमा, शासकीय : सांकेतिक भाषेतील विवरण

शासकीय आरोग्य योजनेत कोणाला, कोणत्या उपचारांसाठी व किती रकमेपर्यंत संरक्षण मिळते, हे बधिर व्यक्तींना त्यांच्या सांकेतिक भाषेतून समजावून देण्याची पद्धत. भारतात त्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा वापरतात. आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेचा प्रारंभ २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे झाला. पहिला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनही त्याच दिवशी पाळला गेला.

गरज : लहानपणापासून बधिर असलेल्या अनेकांना मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकावी लागते. त्यामुळे छापील पत्रक त्यांना पुरत नाही आणि आवाजावर चालणारी १४५५५ ही मदतवाहिनी उपयोगी पडत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील ‘संप्रेषणा’च्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा समावेश आहे.

पद्धत : ‘कॅशलेस’ची अक्षरे बोटांनी जुळवून दाखवली, तरी अर्थ पोहोचत नाही. म्हणून दुभाषी समोरच्या अवकाशात रुग्ण, रुग्णालय व सरकार यांच्या तीन जागा ठरवतो. ‘पैसे देणे’ ही खूण सरकारच्या जागेवरून रुग्णालयाकडे जाते. रुग्णाच्या जागेवरून हात हलतच नाही. वार्षिक ५ लाख रुपयांची मर्यादा साऱ्या कुटुंबाची मिळून असते व ती रक्कम हाती पडत नाही, हेही असेच दाखवावे लागते.

मर्यादा : योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे, साधी बाह्यरुग्ण तपासणी तीत बसत नाही. श्रवणयंत्रांसाठी ‘एडिप’ ही वेगळी केंद्रीय योजना आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी असून केवळ बधिरत्व असल्यास ती लागू होत नाही.

रुग्णालयातील व्यवहार : महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयांत माहिती व नोंदणीसाठी आरोग्यमित्र असतो. दुभाष्याने त्याच्या शेजारी उभे राहावे, म्हणजे रुग्णाला दोघेही एकाच नजरेत दिसतात. सांकेतिक भाषेत भुवया व ओठ यांच्या हालचालींनाही व्याकरणात स्थान असल्याने मुखपट्टीमुळे अर्थ निसटतो. मान डोलावणे म्हणजे ‘पाहतो आहे’ एवढेच असू शकते. म्हणून शेवटी ‘पैसे कोण देणार?’ हे रुग्णालाच दाखवायला सांगतात.