एंजिनाची शक्तिवाढ, वऱ्हाडातील मालवाहतुकीच्या संदर्भात

मालवाहू गाडीच्या एंजिनातून कारखान्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक शक्ती मिळविण्यासाठी गाडी विकत घेतल्यानंतर केलेल्या फेरफारास शक्तिवाढ म्हणता येईल. एकविसाव्या शतकात पिकअप वर्गाच्या लहान मालगाड्यांत या कामी इलेक्ट्रॉनीय चिप वापरली जाऊ लागली. तिची निवड हा वरकरणी केवळ यांत्रिकीचा विषय वाटतो. तथापि अमरावती व अकोला या जिल्ह्यांत मालधन्याने ओढीची शक्ती कशी निवडली, कशी वाढविली आणि त्याची किंमत कोणत्या रूपाने मोजली, याला दीड-दोनशे वर्षांचा इतिहास आहे. चिप हा त्याचा अलीकडचा भाग होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवर लादून सु. ८०० किमी. दूर असलेल्या गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. पावसात भिजलेला कापूस जड होई, बैल वाटेत मरत आणि मालाची प्रतही बिघडे. १८५३ च्या तहान्वये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला, १८७० मध्ये जलंबहून खामगावला आणि १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा गेला. यामुळे कापसाचे तोंड मुंबईकडे वळले. परंतु शेतापासून जीनपर्यंत व जीनपासून स्थानकापर्यंतची ओढ बैलबंडीकडेच राहिली.

बैलाच्या निवडीत शेतकऱ्याने एक भेद फार पूर्वीपासून जाणला होता. चपळ जोडी निराळी आणि ओझ्याची जोडी निराळी. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती वऱ्हाडात लोकप्रिय आहेत व अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट त्यांसाठी प्रसिद्ध आहे (२०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने अशा शर्यती बंद झाल्या होत्या, डिसेंबर २०२१ पासून राज्यात त्यांना पुन्हा मुभा मिळाली). पटाचा बैल काही क्षणांत सर्व बळ एकवटतो. कापसाच्या बंडीला मात्र दिवसभर सारख्या चालीने ओढणारा बैल लागतो. पटाची जोडी कोणी बंडीला जुंपत नसे. अधिकतम शक्ती आणि टिकाऊ शक्ती यांतील हाच भेद एंजिनाच्या बाबतीत मात्र वारंवार विसरला गेला आहे.

बाष्पशक्तीच्या बाबतीत वऱ्हाडाने उलट टोकाचे उदाहरण घालून दिले. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा ‘शकुंतला’ नावाने ओळखला जाणारा अरुंदमापी मार्ग किलिक निक्सन या व्यवस्थापन-संस्थेने उभारलेल्या कंपनीच्या मालकीचा होता. त्यावर १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले झेडडी वर्गाचे बाष्प-एंजिन सत्तर वर्षे चालले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डीझेल एंजिन आले. त्या एंजिनाकडून कोणी वेगाची अपेक्षा केली नाही. म्हणूनच ते इतके टिकले, असे म्हणण्यास हरकत नाही.

मोटार-ट्रक आल्यावर मात्र फेरफारांचे युग सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलच्या टंचाईमुळे देशभर अनेक बसगाड्या व ट्रक कोळशापासून तयार होणाऱ्या उत्पादक-वायूवर चालविण्यात आले. गाडीच्या मागे भट्टी बसविली जाई. या वायूवर एंजिनाची शक्ती तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने घटे, चढावर गाडी थांबे व उतारूंना खाली उतरावे लागे. युद्धानंतर विदेशी बनावटीच्या पेट्रोल ट्रकांत पेट्रोल-एंजिन काढून त्याजागी पर्किन्सचे सहा सिलिंडरांचे पी-६ डीझेल एंजिन बसविण्याची पद्धत देशात रूढ झाली. मद्रासची सिंप्सन कंपनी ही एंजिने बनवीत असे. येथे हेतू वेगाचा नसून इंधनखर्चाच्या बचतीचा होता. १९५४ पासून टाटा-मर्सिडीझ-बेंझ ट्रक जमशेटपूरला बनू लागले आणि असे रूपांतर हळूहळू मागे पडले.

यानंतरची सुमारे पन्नास वर्षे शक्तिवाढ म्हणजे डीझेल पंपाचा स्क्रू पिळणे. यांत्रिक पंपावर इंधनाची कमाल मात्रा ठरविणारा एक स्क्रू असतो व गतिनियंत्रकाचा दुसरा. पंप-नोझलच्या मिस्त्रीकडे जाऊन पहिला स्क्रू थोडा फिरविला की दर फेऱ्याला अधिक डीझेल सिलिंडरात जाई व गाडी ‘पिकअप’ घेई. धुराड्यातून निघणारा काळा धूर हीच या दुरुस्तीची खूण असे. धूर म्हणजे न जळलेले इंधन, अर्थात मालकाचाच पैसा, हे मिस्त्री जाणत असे. पण गिऱ्हाइकाला गाडी ओढते आहे एवढेच दिसे. वाहतूक-धंद्यातील स्पर्धा पाहता या आग्रहाचा दोष एकट्या मालकाला देता येणार नाही.

मेटॅडोर, मिनीडोर, १९८८ मधील टाटामोबाइल व तीनंतरची टाटा २०७, २००५ मध्ये आलेली व ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी ७०२ घ.सेंमी.ची टाटा एस, आणि सर्वांत अधिक पसरलेली महिंद्राची बोलेरो पिकअप असा छोट्या मालगाड्यांचा क्रम आहे. संत्री वरूड-मोर्शीकडून बाजारात नेणे, भाजीपाला पोहोचविणे, अकोल्याच्या डाळ गिरण्यांना तूर पुरविणे ही कामे या वर्गाकडे आली. बोलेरो पिकअपच्या अलीकडील २,५२३ घ.सेंमी. एंजिनाची शक्ती सु. ७५ अश्वशक्ती आणि गाडीची वहनक्षमता प्रकारानुसार सु. १.३ ते १.७ टन आहे. प्रत्यक्षात याहून अधिक माल लादला जातो व तेथूनच ‘ताकद कमी पडते’ ही तक्रार सुरू होते.

प्रथम चिप या शब्दाविषयी. १९७९ मध्ये बॉश कंपनीने मोट्रॉनिक ही अंकीय एंजिन-नियंत्रण व्यवस्था आणल्यावर इंधनाच्या मात्रेचे कोष्टक एका स्मृति-चिपमध्ये साठविले जाऊ लागले. ती चिप काढून दुसरी बसविणे हीच १९८० च्या दशकातील शक्तिवाढ होय. पुढे स्मृती गाडीच्या निदान-जोडणीतूनच पुन्हा लिहिता येऊ लागली, तरी नाव तेच राहिले. डीझेल गाड्यांत सामाईक-नळी अंतःक्षेपण १९९५ पासून जपानमध्ये ट्रकांत व १९९७ पासून यूरोपात मोटारगाड्यांत आले आणि भारतात प्रदूषण-नियम कडक होत गेले तसे ते लहान मालगाड्यांतही आले. भारत मानक-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून व भारत मानक-६ १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. [⟶ डीझेल एंजिन].

चिप म्हणून बाजारात तीन निराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली नियंत्रकाच्या कोष्टकांचे पुनर्लेखन. ही खरी पद्धत, व ती गाडीच्या प्रकारानुसार करावी लागते. दुसरी संवेदकाच्या तारेत जोडलेली पेटी. ही नळीतील दाब कमी असल्याचा खोटा संकेत नियंत्रकाला देते. त्यामुळे दाब वाढतो व अधिक इंधन जाते, परंतु नियंत्रकाला सत्य कळत नाही. तिसऱ्या प्रकारात पेटीत केवळ एक रोधक आणि चमकणारा दिवा असतो. तिच्याने काहीच होत नाही आणि स्वस्त म्हणून हीच अधिक खपते.

टर्बोयुक्त एंजिनात पुनर्लेखनाने २० ते ३० टक्के वाढ शक्य असते. टर्बोविरहित एंजिनात ती फारच अल्प असते, कारण इंधन वाढविले तरी हवा वाढत नाही. वऱ्हाडात हवेची अडचण उन्हाळ्यात प्रकर्षाने जाणवते. अकोल्याचे तापमान मे महिन्यात ४५° से.च्या पुढे जाते. २५° से.च्या तुलनेने ४५° से. तापमानाची हवा सु. ६ टक्के विरळ असते. निष्कास वायूचे तापमान आधीच वाढलेले असते. चिपने इंधन वाढविल्यावर ते सु. ७००° से.च्या वर दीर्घकाळ राहिले, तर टर्बोची पाती व दट्ट्या यांना धोका संभवतो. क्लच व गिअरपेटी मूळ परिबलासाठीच घडविलेल्या असतात. ब्रेक तर जुनेच राहतात.

मेळघाटाचा घाट हा या संदर्भात नेहमी दिला जाणारा दाखला तपासून पाहण्यासारखा आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सु. १,१०० मी. उंच असून पायथ्याच्या परतवाड्यापेक्षा सु. ७०० मी.नी उंच आहे. गाडी व माल मिळून ३ टन वजन एका तासात एवढे वर नेण्यास सरासरी केवळ ८ अश्वशक्ती लागते. रस्त्याचा घर्षणविरोध धरूनही ती १५ च्या आत राहते. शेकडा दहा चढावाच्या तुकड्यात ताशी ३० किमी. वेगाला सु. ४० अश्वशक्ती पुरते. म्हणजे एंजिनाचे ७५ अश्व येथे अपुरे नाहीत. वळणावर गाडी थांबते ती योग्य गिअर न घेतल्याने, बुजलेल्या हवा-गाळणीमुळे, झिजलेल्या अंतःक्षेपकांमुळे किंवा अधिभारामुळे. जाणता मिस्त्री म्हणूनच प्रथम गाळणी, नळ्यांची गळती आणि टायरमधील हवा पाहतो. चिपच्या पैशांत ही तिन्ही कामे होतात. शिवाय घाट उतरताना चिपचा काहीही उपयोग नसतो व अपघात प्रामुख्याने तेथेच होतात.

कायद्याची बाजूही मालकाने दुर्लक्षू नये. मोटर वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरविलेल्या व नोंदणीपत्रात दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लावले व त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भारत मानक-६ गाडीत धूर वाढल्यास कणगाळणी लवकर बुजते. हमी नाकारली जाण्याची व विम्याच्या दाव्यात वाद उपस्थित होण्याची शक्यता असते. कर्जाऊ घेतलेल्या पिकअपच्या बाबतीत हप्ते चालू असताना गाडी उभी राहणे हे नुकसान चिपच्या किमतीच्या कितीतरी पट होते.

जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किमी. लांबीचा एका मार्गिकेचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्यात आला व त्याची गिनीज विक्रम म्हणून नोंद झाली. या पट्ट्यात जास्त शक्तीची गरजच उरलेली नाही. उलट शेतापर्यंतच्या पांदण रस्त्यांवर पावसाळ्यात काळ्या मातीत चाक जागच्या जागी फिरते. शक्ती वाढविली तर ते अधिकच रुतते. अशा वेळी माल काठावर आणण्यासाठी ट्रॅक्टर किंवा बंडी लागते.