गोळी बसण्याचा प्रश्न आणि सत्तावनचें काडतूस



शाळेंत इतिहास शिकवीत असतांना एक प्रकरण मी दरवर्षी मोठ्या आवेशानें शिकवीत असें. १८५७ सालीं नव्या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावली आहे अशी वार्ता पलटणींत पसरली, शिपायांचीं मनें क्षुब्ध झालीं आणि मीरतेस वणवा पेटला. एके वर्षी मागच्या बांकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, पण काडतुसाला चरबी लावायचीच कशाला?” मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. क्रमिक पुस्तकांत हें उत्तर नव्हतें आणि माझ्याजवळहि नव्हतें. “खालीं बैस,” असें म्हणून मीं धडा पुढें रेटला. मुलगा खालीं बसला, प्रश्न मात्र माझ्या मनांत उभाच राहिला. नोकरींतून मोकळा झाल्यावर त्याचा जो कांहीं शोध घेतां आला, तो आज आपणांपुढें ठेवीत आहें.

त्या काळची बंदूक म्हणजे ठासणीची. नळीच्या तोंडांतून आधीं दारू ओतावयाची, वरून शिशाची गोळी सोडावयाची आणि गजानें ठासावयाची. ‘ब्राऊन बेस’ ह्या टोपणनांवानें प्रसिद्ध असलेल्या इंग्रजी बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असे. तिचें तोंड सुमारें पाऊण इंच आणि गोळी त्याहून सुमारें अर्धा दशांश इंच लहान. एवढी सैल गोळी झटकन खालीं उतरे. सराव झालेला शिपाई मिनिटांत तीन बार काढी. पण बार उडाला म्हणजे तीच गोळी नळीच्या भिंतींवर आपटत, डळमळत बाहेर पडे, आणि शंभर पावलांपलीकडे ती कोणाला लागेल हें दैवाधीन असे.

ह्यावरचा उपाय युरोपांतील कारागिरांना पंधराव्या-सोळाव्या शतकापासून ठाऊक होता. नळीच्या आंतल्या अंगास नागमोडी फिरत जाणाऱ्या खांचा, म्हणजे आटे, पाडले तर गोळी स्वतःभोंवतीं फिरत निघते आणि फिरत्या भोंवऱ्याप्रमाणें आपली दिशा सोडीत नाहीं. मात्र त्यासाठीं गोळी आट्यांत घट्ट रुतली पाहिजे. घट्ट गोळी तोंडांतून आंत जाईना आणि आंत जाणारी गोळी आट्यांत रुतेना! रायफलीचा तीनशें वर्षांचा इतिहास म्हणजे बव्हंशीं ह्या एका पेंचाचा इतिहास आहे.

१८०० सालीं इंग्रजांनीं घेतलेल्या बेकर रायफलींत तेलकट चिंधींत गुंडाळलेली गोळी ठासून बसवीत. प्रारंभीं तर त्यासाठीं शिपायाला लाकडी हातोडीहि देत. मग आली ब्रन्सविक रायफल. तिच्या गोळीला कमरपट्ट्यासारखा उंचवटा होता आणि तो नळींतील दोन खांचांत नेमका बसवावा लागे. चार बार होऊन नळींत काजळी सांचली कीं शिपाई रडकुंडीस येई. फ्रान्समध्यें देल्विन्य यानें १८२६ सालीं निराळी युक्ति काढली. नळीच्या बुडाशीं अरुंद खोली ठेवून तिच्या कांठावर सैल गोळी टेकवावयाची आणि गजाच्या ठोक्यांनीं ती चेपून रुंद करावयाची. गोळी रुतली खरी, पण ठोकून वेडीवांकडी झालेली गोळी सरळ कशी जाणार? थुव्हनें यानें बुडाशीं पोलादी खुंटी बसवून तिच्यावर गोळी ठोकण्याची सोय केली. ती खुंटी वांके, आणि तिच्याभोंवतालची काजळी खरवडून काढतांना शिपायाचा जीव मेटाकुटीस येई.

खरी वाट दाखविली ती, आश्चर्य वाटेल, आपल्याच देशांतील एका साध्या साधनानें. ३४ व्या पलटणींतील कॅप्टन जॉन नॉर्टन यानें दक्षिण हिंदुस्थानांतील लोकांची फुंकनळी पाहिली. तिच्यांतील बाणाचें बूड कमळाच्या लवचिक गाभ्याचें केलेलें असे. फुंकर बसतांच तो गाभा फुगे आणि नळीच्या आंतल्या भिंतीस चिकटून बसे. वारा बाजूनें निसटत नसे. ह्यावरून नॉर्टननें १८२३ सालीं पोकळ बुडाची लांबट गोळी बनविली. जातांना सैल, उडतांना घट्ट! सरकारनें ती नाकारली. १८३५ सालीं विल्यम ग्रीनर या बंदुका करणारानें अशाच प्रकारची गोळी पुढें केली, तीहि नाकारली. शेवटीं १८४९ सालीं फ्रान्सच्या कॅप्टन मिनिए यानें पोकळ बुडांत लोखंडी वाटी घातलेली गोळी केली, आणि तिच्यासाठीं ब्रिटिश सरकारनें वीस हजार पौंड मोजले. ग्रीनरला आपल्या हक्काचे एक हजार पौंड मिळाले ते १८५७ सालीं. सरकारी दप्तर कोणत्याहि देशाचें असो, त्याची चाल सारखीच.

ह्याच मार्गानें १८५३ ची एन्फील्ड रायफल आली. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि गोळीचा ०.५६८ इंच. दोहोंतील अंतर अवघें नऊ सहस्रांश इंच! म्हणजे प्रत्येक बाजूस आपल्या वहीच्या जेमतेम एका पानाइतकी फट. त्या फटींत काडतुसाचा कागदहि मावावयाचा होता. कारण गोळी कागदासकटच आंत ठासावयाची असे. शिपाई काडतुसाचें दारूकडचें टोंक दांतांनीं फाडी, दारू नळींत ओती, काडतूस उलटें करून गोळीचा भाग तोंडांत दाबी, उरलेला कागद तोडून टाकी आणि गज चालवी. काळी दारू जळाली म्हणजे तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राख होऊन मागें राहतो. ही काजळी वाळून कठीण झाली कीं वहीच्या पानाएवढी ती फट बुजते आणि गोळी अर्ध्या वाटेवर अडकते. म्हणून गोळीभोंवतालच्या कागदास बाहेरून वंगण लावीत. तें गोळीला घसरण देई आणि प्रत्येक बाराबरोबर जुनी काजळी मऊ ठेवी. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच. वंगण नसतें तर ती रायफल थोड्याच बारांत मुकी झाली असती.

परंतु वंगण कशाचें? चरबी आणि थोडें मेण. हें मिश्रण आपल्या उन्हांत टिकतें कीं वितळतें, हें पाहण्यासाठीं १८५३ सालीं काडतुसें हिंदुस्थानांत पाठविण्यांत आलीं आणि शिपायांच्या पडतळ्यांतून तीं महिनेच्या महिने वागविण्यांत आलीं. त्याच वेळीं बंगालच्या सैन्याचे अॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनीं लिहून कळविलें होतें कीं, वंगण शिपायांच्या धर्मास बाधक नाहीं ह्याची खातरी झाल्यावांचून हीं काडतुसें देऊं नयेत. त्या पत्राचें चीज झालें नाहीं. उष्णतेची परीक्षा झाली, श्रद्धेची कोणीं केली नाहीं. पुढें कलकत्त्याकडे काडतुसें बनूं लागलीं तेव्हां चरबी कोणत्या जनावराची असावी, अशी अट कंत्राटांत घातलेली नव्हती, हें चौकशींत निष्पन्न झालें. शिपाई भोळे होते आणि अफवांना बळी पडले, असें पुष्कळ इंग्रज लेखक लिहून गेले. मला तें पटत नाहीं. त्यांची शंका रास्त होती. तिचें उत्तर देण्यास अधिकाऱ्यांपाशीं पुरावाच नव्हता.

जानेवारी १८५७ मध्यें डमडम येथें ही कुजबूज सुरू झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारनें हुकूम काढला कीं शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण स्वतः लावावें. थोड्याच दिवसांत दांतांऐवजीं हातानें काडतूस फाडण्याची कवाईतहि आली. पण विश्वास एकदां उडाला कीं हुकुमानें परत येत नाहीं. आतां कागदाच्या चकाकीचाच संशय येऊं लागला. २४ एप्रिलला मीरतेस तिसऱ्या हलक्या घोडदळाच्या नव्वदांपैकीं पंचाऐंशी स्वारांनीं काडतुसें घेण्याचें नाकारलें. तीं काडतुसें नवीं नव्हतीं, जुन्याच पद्धतीचीं होतीं! ९ मे रोजीं भर कवाइतीच्या मैदानावर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या, आणि दुसऱ्या दिवशीं जें झालें तें सर्वांस विदित आहे. काडतुसांची ती वार्ता आपल्याकडे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ ह्या पुस्तकांतहि आली आहे. असंतोषाचीं कारणें अर्थात् पुष्कळ होतीं. संस्थानें खालसा होत होतीं, अयोध्या गेली होती. नऊ सहस्रांश इंचांनीं राज्य हादरलें असें मी म्हणत नाहीं.

मात्र दोष त्या मापांत होता, हें सरकारनें पुढें स्वतःच्या कृतीनें मान्य केलें. आपल्या हवेंत गोऱ्या पलटणींनाहि ०.५६८ इंचाची गोळी ठासणें जड जाई. बंडाळी शमत असतांनाच इंग्लंडांत पुन्हां प्रयोग झाले आणि गोळीचा व्यास ०.५५० इंच करण्यांत आला. फट तिप्पट झाली. गोळी नीट फुगावी म्हणून तिच्या पोकळींत लांकडी गुडदी बसविली. आणि वंगण? त्यांत आतां पांच भाग मधमाशांचें मेण व एक भाग चरबी. हेंच प्रमाण १८५६ सालीं कोणास सुचलें असतें तर, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

थोड्याच वर्षांत ठासणीची बंदूकच मागें पडली. १८६६ सालीं स्नायडरची रायफल आली. तिच्यांत काडतूस मागून घालीत. बॉक्सर यानें तिच्यासाठीं धातूचें काडतूस बनविलें. आपल्या पुण्याजवळ खडकी येथें काडतुसांचा कारखाना निघाला तो १८६९ सालीं. दांत, चरबी आणि कागद ह्यांचा संबंध तुटला. परंतु गोळी बसविण्याचा पेंच मिटला नाहीं, नुसता नळीच्या तोंडांतून काडतुसाच्या तोंडांत गेला. पितळी नळकांड्याचें तोंड सैल राहिलें तर गोळी डळमळते. गोळी फार बाहेर राहून आट्यांस टेकली तर दाब वाढतो. फार आंत दबली तर दारूची जागा आकसून तोच परिणाम होतो. आणि किंचित तिरकी बसली तर नेम चुकतो. परदेशांत स्वतः काडतुसें भरणारे हौशी लोक आजहि ह्याच तक्रारी करतात, आणि त्यांच्याहि हातांत सहस्रांश इंच मोजणारें माप असतें.

मागच्या बांकावरचा तो मुलगा आज कोठें असतो, मला ठाऊक नाहीं. तो ऐकत असल्यास त्याचें उत्तर त्याला पोंचलें असें मी समजतों.