फ्राइज हव्या असतील तर मागून घ्या : डिस्ने पार्कमधील मुलांच्या जेवणाचा इतिहास

हॉटेलात लहान मुलांसाठी वेगळे मेनूकार्ड असते, हे आता तुम्हाआम्हाला नवीन नाही. त्यातले पदार्थही पाठ झालेले असतात : नगेट्स, पिझ्झा, फ्रेंच फ्राइज आणि सोबत गोड शीतपेय. थीम पार्कात तर विचारूच नका. मूल दमलेले, आईवडील त्याहून दमलेले आणि मागे ही लांबलचक रांग! अशा जागी मुलांचे खाणे सुधारता येते का? अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांची हकिकत या बाबतीत वाचण्यासारखी आहे.

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात सुरू झाले. त्याच वर्षी तिथे मक्याच्या चिप्स बनवणाऱ्या फ्रिटो कंपनीचे रेस्टॉरंट उघडले. म्हणजे खारवलेला, तळलेला खाऊ आणि मुलांची करमणूक यांची सोयरीक पहिल्या वर्षापासूनची आहे. पुढे डिस्नेने मॅकडोनाल्ड्सशी दहा वर्षांचा करार केला आणि सिनेमातली पात्रे खेळणी होऊन बर्गरच्या डब्यात जाऊन बसली.

दरम्यान मुलांची वजने वाढत होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ६ ते ११ वर्षांच्या अमेरिकन मुलांपैकी सुमारे ४ टक्के मुले लठ्ठ होती. २००३-०४ पर्यंत हे प्रमाण १९ टक्क्यांजवळ पोहोचले. मॅकडोनाल्ड्सशी केलेला करार २००६ मध्ये संपला. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेने आपले पोषणाचे नियम जाहीर केले. मुख्य पदार्थ आणि त्यासोबतचे पदार्थ यांत चरबीतून मिळणाऱ्या कॅलरी ३० टक्क्यांच्या आत आणि वरून घातलेल्या साखरेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायच्या. अमेरिकेतल्या पार्कांतून ट्रान्स फॅट २००७ अखेर हद्दपार करायचे. (ट्रान्स फॅट म्हणजे वनस्पती तुपासारख्या, तेल घट्ट करून केलेल्या स्निग्ध पदार्थांत सापडणारी, हृदयाला घातक चरबी.)

पण माझ्या मते खरी युक्ती या आकड्यांत नव्हती. मुलांच्या जेवणाबरोबर आपोआप येणाऱ्या फ्राइज आणि सोडा बदलून त्या जागी फळे किंवा भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दूध, पाणी किंवा फळांचा रस ठेवला. फ्राइजवर बंदी नव्हती. हव्या असतील तर मागायच्या, मिळत होत्या. बदलले एवढेच की आता तोंड उघडून मागावे लागत होते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होणार? कोणीही फ्राइजच मागेल. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या १४५ रेस्टॉरंटांची विक्री संशोधकांनी तपासली. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४८ टक्के जेवणांत लोकांनी फळे-भाज्या तशाच राहू दिल्या आणि पेयांच्या बाबतीत हे प्रमाण ६६ टक्के होते. या सोबतच्या पदार्थांतून आणि पेयांतून मिळणाऱ्या कॅलरी त्यामुळे सुमारे २१ टक्क्यांनी घटल्या. चरबी आणि सोडियम तर प्रत्येकी ४० टक्क्यांहून जास्त कमी झाले. तेही सुट्टीवर आलेल्या, ‘आज चालतंय’ म्हणणाऱ्या लोकांमध्ये!

म्हणून दवाखान्यात कुणी “डॉक्टर, आमचा मुलगा ऐकतच नाही हो” म्हणाले की मी आधी विचारतो, न मागता त्याच्या पुढ्यात काय येते? दमलेला माणूस समोर आले ते खातो. त्यात आईवडिलांच्या शिस्तीचा दोष शोधण्यात फारसा अर्थ नाही. इथे निम्म्या लोकांनी फ्राइज मागितल्याच, हेही खरे. तरी उरलेल्या निम्म्यांचा फायदा कुणाशीही वाद न घालता झाला.

एका गोष्टीवर मात्र माझा आक्षेप आहे. फळांचा रस ‘आरोग्यदायी’ रकान्यात बसवला गेला. रसात फळातला चोथा जवळपास राहत नाही, साखर मात्र राहते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये मर्यादा सांगितली ती अशी : एक वर्षाच्या आत रस नको, १ ते ३ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १२० मिली आणि ४ ते ६ वर्षांच्या मुलांना १२० ते १८० मिली. आपल्याकडच्या साध्या पेल्यात हे अर्धे-पाऊण पेलाच भरते. तेव्हा मुलांच्या जेवणासोबत दूध, पाणी आणि रस यांतून निवडायचे असेल, तर पाणी किंवा दूध घ्या आणि फळ चावून खायला द्या.