अन्नवस्त्र आणि शुश्रूषा

पूर्वीं आपल्याकडे पाळणाघरें नव्हतीं व वृद्धाश्रमही नव्हते. एकत्र कुटुंबांत लहानांचें संगोपन आणि थोरांची सेवा आपोआप होत असे, असें विधान हल्लीं कोणत्याही सभासमारंभांत ऐकावयास सांपडतें. वक्ते सद्धेतूनेंच बोलत असतात, आणि श्रोत्यांपैकीं ज्यांचे मुलगे पुण्यास किंवा परदेशीं आहेत ते एक सुस्कारा टाकतात. परंतु ह्या विधानांतील ‘आपोआप’ हा शब्द इतिहासाच्या अभ्यासकास खटकल्यावांचून राहत नाहीं. तान्ह्या मुलास रात्रीं चार वेळां उठून घेणें, बाळंतिणीची शेकशेगडी करणें, अंथरुणास खिळलेल्या सासऱ्याचें मलमूत्र काढणें, हीं कामें कधींही आपोआप झालेलीं नाहींत. तीं कोणी तरी केलीं. तीं कोणी केलीं व कशाच्या मोबदल्यांत केलीं, ह्याची चौकशी करावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ राजवाड्यापासून करणें सोयीचें, कारण नांवनिशी तेथेंच अधिक शिल्लक राहते. संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर झाला. मातुःश्री सईबाई सप्टेंबर १६५९ मध्यें वारल्या. तान्ह्या राजपुत्रास दूध पाजण्यासाठीं पुण्याजवळच्या कापूरहोळ गांवची धाराऊ गाडे ही दूधआई म्हणून आली, आणि पुढील जोपासना आजी जिजाबाईंनीं केली. धाराऊचे पुत्र अंतोजी व रायाजी हे पुढें संभाजीराजांच्या सोबत्यांत गणले गेले. एका बाजूस नात्याची स्त्री, दुसऱ्या बाजूस बाहेरून आणलेली स्त्री आणि मधें मूल, ही मांडणी अशी साडेतीन शतकांहून जुनी आहे. आजच्या घरांतील आजी व आया ह्यांच्या कुरबुरींस जे केवळ कलियुगाचें लक्षण मानतात त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. धाराऊचें नांव राहिलें. परंतु तें राहिलें ह्याचें कारण तिच्या मांडीवरचें मूल छत्रपति झालें.

राजवाड्यांतून मध्यम स्थितींतल्या ब्राह्मणी घरांत आलों कीं दूधआई दिसेनाशी होते आणि तिच्या जागीं दुसरी एक व्यक्ति दिसूं लागते. ती माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत लाल आलवण नेसून बसलेली असते. कोणाची ती आत्या असते, कोणाची काकू, कोणाची आजीची धाकटी बहीण. तिला सर्व घर नात्यानें हांक मारतें. तिचें स्वतःचें नांव विचारलें तर नातवंडांस सांगतां यावयाचें नाहीं. पहांटे सोंवळ्याचें पाणी तिनें भरावयाचें, माहेरवाशिणीचीं बाळंतपणें तिनें काढावयाचीं, गोंवर आलेल्या पोरापाशीं जागरण तिनें करावयाचें, अर्धांगवायु झालेल्या वडील दिरास भरवावयाचें तेंही तिनेंच. लग्नमुंजींत मात्र तिचें तोंड पुढें दिसतां कामा नये. ज्या हातांनीं पाळण्याची दोरी ओढली त्या हातांनीं बारशाच्या दिवशीं मुलाची ओटी भरणें अशुभ! ह्या विसंगतीचें कोणास नवल वाटत नसे.

आतां हिचा व घराचा कायदेशीर संबंध पाहावा. महाराष्ट्रांत मिताक्षरेचा अंमल. अविभक्त कुटुंबांतील पुरुष निपुत्रिक वारला तर त्याचा वांटा भाऊबंदांकडे जाई आणि विधवेच्या पदरीं अन्नवस्त्राचा हक्क तेवढा उरे. तोही वर्तनाच्या अटीवर. ह्या अन्नवस्त्राचे निवाडे न्यायालयांत पुष्कळ झाले. रक्कम किती असावी, घरांत राहण्याचा हक्क कोठपर्यंत, ह्यांचा खल झाला. परंतु ह्या निवाड्यांत तिच्या श्रमाचा हिशेब कोणी मांडीत नसे. कायद्याच्या दृष्टीनें ती पोसली जाणारी होती. वस्तुतः घरांतील निम्मीं माणसें तिच्या हातचें पोसलीं जात होतीं. ‘आपोआप’ ह्या शब्दाचें मूळ, माझ्या मतें, येथें आहे. ज्या कामाची नोंद आश्रिताच्या खात्यावर होते तें काम झालेलेंच दिसत नाहीं.

हें चित्र सगळ्या महाराष्ट्राचें नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. ज्या जातींत पाट लावण्याची चाल होती तेथें तरुण विधवा घरांत बांधून पडत नसे, आणि बायका शेतावर जात असल्यामुळें मुलें सांभाळण्याचें काम घरच्या म्हातारीकडे किंवा सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीकडे येई. त्या बहिणीची शाळा त्यांत बुडे, ही गोष्ट अद्यापि पुरती मागें पडलेली नाहीं.

एकोणिसाव्या शतकांतील सुधारणेचा इतिहास आपण पुनर्विवाह, वपनबंदी व स्त्रीशिक्षण ह्या सदरांखालीं वाचतों. तो शुश्रूषेच्या बाजूनें वाचला तर निराळा दिसतो. जोतिराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८६३ मध्यें पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. पंडिता रमाबाईंनीं १८८९ मध्यें मुंबईस शारदा सदन उघडलें. धोंडो केशव कर्वे ह्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ मध्यें स्थापन होऊन १९०० मध्यें हिंगण्यास गेला. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. आठव्या वर्षीं लग्न आणि कांहीं महिन्यांतच वैधव्य. १८९३ मध्यें कर्व्यांशीं विवाह होऊन ती आनंदीबाई झाली, आणि नंतर नागपुरास जाऊन तिनें सुईणीचें शिक्षण घेतलें. जें काम ती नातेवाइकांच्या घरीं आश्रित म्हणून जन्मभर करीत राहिली असती, त्याच जातीचें काम ती विद्या म्हणून शिकली व तिनें त्याचा मोबदला घेतला. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीही बालविधवा नसली तरी विधवाच. आश्रमासाठीं ती १९१८ मध्यें अमेरिकेस गेली आणि इंग्रजी येत नसतां तेथें लोकांच्या घरीं घरकाम करून राहिली. १९२८ सालच्या ‘माझी कहाणी’ ह्या तिच्या आत्मवृत्ताचा वाचक ह्या भागाशीं अडखळतो: कोंकणांतल्या घरांत जें फुकट करणें धर्म होता, तें समुद्रापलीकडे मजुरीस पात्र ठरलें.

रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनीं १९०९ मध्यें स्थापिलेल्या पुणें सेवासदनानें ससून रुग्णालयांत परिचारिकेच्या व सुईणीच्या शिक्षणासाठीं स्त्रिया पाठविल्या, तेव्हां सोंवळेंओंवळें, परपुरुषाचा स्पर्श वगैरे आक्षेप निघाले. ते सर्वच खोटे होते असें मी म्हणत नाहीं. तथापि घरच्या पुरुषाच्या आजारांत त्याच स्त्रीकडून सर्व कांहीं करून घेतांना हे आक्षेप कोठें जात? घरची सेविका घराबाहेर जाते, हें दुःख त्यांत मोठें असावें असा संशय घेण्यास जागा आहे.

पुढें कायदा बदलत गेला. डॉ. देशमुखांच्या प्रयत्नानें झालेल्या १९३७ च्या कायद्यानें विधवेस पतीच्या वांट्यांत मर्यादित हक्क दिला. १९५६ च्या वारसा कायद्यानें ती पूर्ण मालकीण झाली. सुधारणा न्याय्यच होती. परंतु माजघरांतली ती व्यक्ति उठून गेल्यावर तिचीं कामें कोणी वांटून घ्यावीं ह्याचा विचार कुटुंबानें केला नाहीं; तीं निमूटपणें सुनेकडे गेलीं. आईबापांच्या निर्वाहासाठीं २००७ चा स्वतंत्र कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करतां येतो आणि दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्चाचा हुकूम होऊं शकतो. ह्या कायद्यांतील अपत्यांच्या व्याख्येंत मुलगा, मुलगी, नातू व नात आहेत, सून नाहीं. तिच्यावर बोजा टाकला नाहीं म्हणून हें ठीकच. पण पुण्याहून मुलगा पैसे धाडतो आणि बाभुळगांवीं सासूस आंघोळ घालते ती व्यक्ति ह्याही कागदांत नाहीं. आणि पगारी बाई ठेवावी तर तिचे तास, रजा व पगार हीं सगळीं तोंडी. ‘मावशी आमच्या घरच्याच आहेत’ हें वाक्य मला त्यामुळें फारसें आवडत नाहीं. घरच्या माणसाची काय व्यवस्था होती तें वर आलेंच आहे. घरकामगारांसाठीं कल्याण मंडळ स्थापणारा महाराष्ट्राचा कायदा २००८ चा आहे. मावशींची नोंदणी त्यांत झाली आहे कीं नाहीं, हें विचारण्यास मालकिणीस दोन मिनिटें पुरतात.

बाभुळगांव ज्या यवतमाळ जिल्ह्यांत आहे, त्याचें नांव कापसापेक्षां शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं अधिक परिचित व्हावें ही दुर्दैवाची गोष्ट आहे. अशा घरांत मागें राहिलेली स्त्री बहुधा तिशीच्या आंतबाहेरची, पदरीं दोन मुलें आणि घरांत सासूसासरे. शासनाचें साह्य मिळालेंच तर एक लाख रुपये. २००६ च्या निर्णयाप्रमाणें त्यांतील तीस हजार रोख व सत्तर हजार ठेवीच्या रूपानें. आलवण गेलें, वपन गेलें; पण मुलांचें करणें, म्हाताऱ्यांचें करणें आणि शिवाय मजुरीस जाणें हें सर्व तिच्याकडे आहे. जमीन पुष्कळदां सासऱ्याच्या नांवावर. वडिलोपार्जित असेल तर तिच्या पतीचा हक्क तींत होता आणि तो तिच्याकडे व मुलांकडे येतो; परंतु सातबाऱ्यावर फेरफार झालेला नसतो, आणि दीर तो होऊं देण्यास उत्सुक असतोच असें नाहीं. शुश्रूषा घेणाऱ्या म्हाताऱ्यानें आपल्या हयातींत, बोलतां येत असतांना, हा फेरफार करून द्यावा. आशीर्वादानें तलाठ्याचें काम भागत नाहीं.

ही कल्पना कांहीं पुस्तकी नव्हे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनें १९८९-९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ति’ची मोहीम काढली, तेव्हां गांवोगांवच्या शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनीचा कांहीं भाग आपखुषीनें पत्नीच्या नांवें केला. शंभर कुटुंबांनीं असें केलें कीं तें गांव लक्ष्मीमुक्त म्हणून जाहीर होई. देणाऱ्यांनीं हें दान म्हणून द्यावयाचें नव्हतें. घरांतल्या लक्ष्मीचें जुनें ऋण फेडावयाचें, अशी त्या मोहिमेची भाषा होती.