रस्ता कुणाच्या तीर्थरूपांचा?

२०१४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. ऑनसाइट होतो तेव्हा. लंडनच्या नैर्ऋत्येला सरे नावाची काउंटी आहे, तिथल्या बायफ्लीट गावात एका आजींकडे खोली घेऊन राहत होतो. त्या रविवारी सकाळी बघतो तर आजी खिडकीशी उभ्या, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. बाहेर धो धो पाऊस आणि त्या पावसातून सायकलवाले चाललेत. शेकड्यांनी. संपेचनात!

ती होती राइडलंडन. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सरेतल्या बॉक्स हिलच्या घाटात सायकल शर्यत झाली (पुरुषांना तो घाट नऊ वेळा चढायला लावला होता), त्या आठवणीखातर २०१३ पासून सामान्य पब्लिकसाठी ही १०० मैलांची राइड सुरू झाली. २०१४ ला वादळ आलं म्हणून ८६ मैलांवर आणली. पण रस्ते बंद ते बंदच. आजींची बहीण पाच मैलांवर वृद्धाश्रमात, दर रविवारी सकाळी भेटायला जायचा यांचा नेम. "रस्ता बंद करायच्या आधी मला कुणी विचारलं का?" हे त्यांनी मला चार वेळा विचारलं. जसं काही मीच आयोजक.

आजी एकट्या नव्हत्या. सरेचा सायकल ट्रॅक करू नका, अशा मागणीच्या अर्जावर हजारो स्थानिकांनी सह्या केल्या होत्या. मला गंमत वाटली. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात लोक टाळ्या वाजवायला उभे राहतात, आणि इथे सायकलच्या माहेरघरी हा विरोध? मग वाचायला बसलो. तर कळलं, की हे भांडण आजींच्याही आजीच्या काळातलं आहे.

१८७६ साली लंडन ते सेंट आल्बन्स धावणाऱ्या घोडागाडीच्या गाडीवानाने शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्यावर चाबूक ओढला. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून मागच्या गार्डने दोरीला बांधलेला लोखंडी गोळा थेट चाकाच्या आऱ्यांत फेकला. म्हणजे गोळा आणि दोरी गाडीत तयार होती! रागाच्या भरात झालं म्हणायलाही जागा नाही.

१८८०-९० च्या दशकांत रविवारी लंडनहून निघून सरेतल्याच रिपली गावापर्यंत सायकल मारायची फॅशन होती. तिथल्या 'अँकर' नावाच्या खानावळीत डिबल भगिनी चहापाणी करायच्या. सायकलवाल्यांची पंढरीच ती. हे रिपली बायफ्लीटपासून जेमतेम तीन-चार मैलांवर, आणि राइडलंडनचा रस्ताही तिथूनच जायचा. म्हणजे ज्या रस्त्यावर सायकलवाले 'आता' घुसले असं आजींना वाटत होतं, तिथे ते मोटारींच्याही आधी होते.

पण मला खरा धक्का बसला तो पुढे. रस्त्यावरच्या शर्यतींवर बंदी आणण्यात पुढाकार कुणी घेतला? खुद्द सायकलवाल्यांच्या संघटनेने! नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन, थोडक्यात एनसीयू. १८९४ च्या जुलैमध्ये नॉर्थ रोड क्लबच्या ५० मैलांच्या शर्यतीत एका बाईंच्या गाडीचा घोडा बुजला, काही स्वार एकमेकांवर पडले आणि बाईंनी पोलिसात तक्रार केली. युनियनची पाचावर धारण बसली. गावोगावचे लोक आधीच वैतागलेले, उद्या सरकारने सायकलच रस्त्यावरून हद्दपार केली तर? त्यापेक्षा आपणच शर्यती बंद करू, असा हिशोब. घाबरट म्हणा, व्यवहारी म्हणा.

त्या दिवशी पडलेल्यांत एफ. टी. बिडलेक होते. त्यांनी तोडगा काढला. घोळक्याने पळायचंच नाही. एकेकाला अंतराने सोडायचं, प्रत्येकाची वेळ मोजायची, ज्याची कमी तो जिंकला. १८९५ मध्ये अशी पहिली टाइम ट्रायल झाली. पुढे त्यात लपवाछपवीचा कळसच झाला. पहाटे शर्यत, कारण तेव्हा तक्रार करणारे झोपलेले. कपडे मानेपासून घोट्यापर्यंत काळे, सायकलला घंटी, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं कुणी सद्गृहस्थ कामाला निघालेत. स्वारांच्या यादीवर 'खाजगी आणि गोपनीय' असा शिक्का. आणि मार्गाला नाव नाहीच, फक्त कोड! अजूनही तिथे मार्गांना असेच कोड आहेत. यॉर्कशायरात हलजवळचा एक वेगवान मार्ग 'व्ही ७१८' म्हणून प्रसिद्ध आहे. (पासवर्ड नाही, फक्त यूआरएल कुणाला सांगायची नाही, असली सिक्युरिटी आम्हीही केलीय. असो.)

बरं, एवढं करून बिडलेकना काय मिळालं? १९३३ साली त्यांना मोटारीने धडक दिली आणि त्यातच ते गेले.

युरोपात तोवर टूर द फ्रान्स गाजत होती, आणि इंग्रज गडी पहाटे चोरासारखे एकेकटे पळत होते. वुल्व्हरहॅम्प्टनच्या पर्सी स्टॅलर्डला हे सहन झालं नाही. हा बाहेरच्या जागतिक स्पर्धांत घोळक्याची शर्यत खेळून आलेला. महायुद्ध चालू, पेट्रोलचं रेशनिंग, रस्ते ओस. आता कुणाच्या गाडीला अडचण होणार? त्याने ७ जून १९४२ ला वेल्समधल्या लँगोलेनहून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत ५९ मैलांची शर्यत ठेवली. चोरून नाही, पोलिसांना आधी सांगून. पोलिसांनी मदतच केली, शेवटच्या टप्प्यावर हजाराच्या वर लोक जमले, कुणाचा घोडा बुजला नाही. पोलीस खूश, पब्लिक खूश. युनियनने मात्र स्टॅलर्डला बेमुदत निलंबित केलं!

त्याने आणि त्याच्यासारख्यांनी त्याच वर्षी वेगळी लीग काढली. दोन संघटना १७ वर्षं भाऊबंदकीतल्यासारख्या भांडल्या आणि १९५९ मध्ये एक झाल्या. विलीनीकरण म्हणजे गद्दारी, असं स्टॅलर्डचं मत. १९६० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी रीतसर सरकारी नियम आले. ज्या सरकारच्या भीतीने सगळं लपवलं, त्याने शेवटी परवानगीचा फॉर्म दिला.

म्हणून काही लोकांचा राग गेला नाही. २००९ मध्ये स्कॉटलंडमधल्या पिटलॉक्रीच्या एटाप कॅलेडोनियात कुणीतरी रस्त्यावर चुका पेरल्या, शेकडो टायर फुटले आणि शर्यत तासाभराहून जास्त थांबली. रस्ते बंद करण्याविरुद्ध तिथेही स्थानिक गट होता, पण चुकांशी आमचा संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं. सरेत चुका न पेरता काम झालं. काउंटीने २०२० मध्ये राइडलंडनला नारळ दिला आणि २०२२ ला ती एसेक्सला गेली.

माझा कल सरळ स्टॅलर्डकडे आहे. १८९४ पासून लपूनछपून वागून सायकलवाल्यांनी स्थानिकांचं एक मनही जिंकलेलं मला दिसत नाही. जे डोळ्याला दिसत नाही त्याची सवय कशी होणार? पण त्याच वेळी आजींचा प्रश्नही डोक्यातून जात नाही. पेट्रोल नसलेल्या १९४२ मध्ये रस्ता मागणं वेगळं आणि बहीण वृद्धाश्रमात वाट बघत असताना मागणं वेगळं.

पुढे एका संध्याकाळी मी त्यांना स्टॅलर्डची सगळी गोष्ट सांगितली. चहा ढवळत शांतपणे ऐकली.

"पोलिसांना आधी सांगितलं होतं म्हणालास ना त्याने?"

म्हटलं, हो.

"मग तो बरा होता," म्हणाल्या, आणि बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला.