खूण पुरत नाही, शब्द लागतो

गटाच्या बैठकीत कर्जाचा हप्ता निघतो, बियाण्याचा भाव निघतो, पोरांची शाळा निघते. एक विषय मात्र निघाला की पदर तोंडाला लागतो, कुणीतरी हसतं आणि विषय तिथेच राहतो. तो म्हणजे नवरा-बायकोतली जवळीक आणि त्या जवळिकीत आपल्या शरीराला, मनाला काय वाटतं ते. आज आम्ही तुम्हाला याच विषयाचा मागचा दीडशे वर्षांचा प्रवास सांगणार आहोत.

आपल्या आज्या-पणज्या यावर बोलतच नव्हत्या, असं समजू नका. बोलत होत्या, पण खुणेनं. ‘कावळा शिवला’ म्हटलं की पाळी आली हे कळायचं. ‘दिवस गेले’, ‘अंगावरून जातंय’, ‘अंग बाहेर येतंय’ हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. जात्यावर, पाणवठ्यावर, माहेरच्या मैत्रिणीपाशी या खुणा पुरत होत्या. अडचण यायची ती पुढे. नवऱ्याला ‘आज नको’ सांगायचं असेल, डॉक्टरला दुखणं सांगायचं असेल, कोर्टात आपली बाजू मांडायची असेल, तर खूण पुरत नाही. तिथे सरळ शब्द लागतो. आणि सरळ शब्द काढला की बाई निर्लज्ज ठरते.

असा शब्द काढणारी एक बाई मुंबईत होती. तिचं नाव रखमाबाई. अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावलं. ती माहेरीच राहिली, शिकली. पुढे १८८४ साली नवऱ्यानं कोर्टात दावा लावला की बायकोनं नांदायला यावं. रखमाबाई म्हणाल्या, कळत नसलेल्या वयात लावलेलं लग्न मला मान्य नाही, मी जाणार नाही. पहिला निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण तो वरच्या कोर्टात फिरला. १८८७ साली कोर्टानं बजावलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी सांगितलं की तुरुंगात जाईन.

त्या काळात बाईनं हे सगळ्यांसमोर म्हणणं म्हणजे केवढी गोष्ट! वर्तमानपत्रांतून टीका झाली, घराण्याची अब्रू काढली गेली. त्यांनी स्वतःही टोपणनावानं वर्तमानपत्रात पत्रं लिहून बालविवाहानं बाईचं काय होतं ते मांडलं. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या सुटल्या. पुढे विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. ज्या बाईनं ‘नाही’ हा शब्द उच्चारला, तिच्याचपुढे हजारो बायकांना आपलं दुखणं सांगता आलं. १८९१ साली सरकारनं संमतिवयाचा कायदा केला आणि मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेलं. आज ते वय ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या बारासाठीही तेव्हा केवढं वादळ उठलं होतं.

‘नाही’ म्हणण्यानंतरची पायरी प्रश्न विचारण्याची. ती चढायला मदत केली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. ते महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी त्यांना कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरण येईपर्यंत चालवलं. एवढ्या वर्षांत घर कशावर चाललं? पत्नी मालतीबाईंच्या कष्टांवर. त्यांचं नाव आपण फार कमी घेतो, म्हणून आज मुद्दाम घेतो.

‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचक पत्रानं प्रश्न विचारायचे आणि कर्वे लाजेकाजेविना उत्तर द्यायचे. शरीरसुखावर बाईचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी तेव्हा लिहिलं. बाईला काही वाटतं, हेच कबूल करायला लोक तयार नव्हते तो काळ! कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालचा खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच होता. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानं ते अश्लील ठरत नाही, ही बाजू त्यांनी कोर्टात मांडली. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र बंद पडलं नाही. पुढे पुण्यात शकुंतला परांजपे यांनी १९३८ पासून वीस वर्षं हेच काम केलं. एक बाई बायकांना, पाळणा कसा लांबवायचा हे तोंडानं समजावून सांगत होती.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबई-पुण्याचं झालं. खेड्यातल्या बाईचं काय? त्यासाठी गडचिरोलीला जाऊ. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था काढली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्याच नव्हे, काही तक्रार नाही म्हणणाऱ्यांचीही. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगात नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात ते आकडे छापले. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेका बाईला सरासरी साडेतीनहून जास्त आजार. आणि याआधी असली तपासणी, उपचार झालेल्या किती? शंभरात फक्त आठ.

या आकड्यांवर जरा थांबा. अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं, हे सगळं ‘बाईच्या जातीला असतंच’ म्हणून सोसलं जात होतं. लाजेनं दुखणं झाकलं आणि झाकलेलं दुखणं वाढलं. संबंधाच्या वेळी दुखतं म्हणून बाई टाळते, नवऱ्याला कारण कळत नाही, तो रागावतो, संशय घेतो. एक शब्द न बोलल्यानं घरात किती काय बिनसतं! राणीताईंनी बायकांना आधी बोलू दिलं, त्यांच्याच बोलीतले शब्द ऐकले. खेड्यातल्या बाईच्या मनातलं हे सारं पुढे त्यांनी ‘कानोसा’ या पुस्तकात मांडलं. नीट विचारणारं माणूस भेटलं, तेव्हा बायका बोलल्या. त्यांना बोलायचं नव्हतं असं कधीच नव्हतं. ऐकणारं कुणी नव्हतं.

रखमाबाईंनी ‘नाही’ म्हटलं, कर्व्यांच्या वाचकांनी प्रश्न विचारला, गडचिरोलीच्या बायकांनी दुखणं सांगितलं. या तिन्ही गोष्टी आज आपल्या हाताशी आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळही हिंसाच मानला आहे, म्हणजे घरातल्या जबरदस्तीविरुद्ध दाद मागता येते. गावात आशाताई आहे, आरोग्य केंद्र आहे.

राहिली ती घरातली, दोघांमधली गोष्ट. तिथे ‘आज नको’ सांगता यावं, तसं ‘मला हे आवडतं’ हेही सांगता यावं. हवंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. नवऱ्याशी एकदम सगळं बोलायला जमणार नाही. भांडणाच्या वेळी किंवा तो पिऊन आला असेल तेव्हा हा विषय काढूही नये. निवांत वेळ बघून एकच गोष्ट सांगावी. काय दुखतं ते, किंवा काय बरं वाटतं ते. आणि ज्या घरात तोंड उघडलं की मार पडतो, तिथल्या बाईनं आधी गटातल्या विश्वासू सखीशी बोलावं.

गटाचं कामही इथेच आहे. पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर थोडा वेळ या बोलण्यासाठी ठेवा. जी बोलेल तिचं ऐका. हसू नका, आणि ऐकलेलं गावभर करू नका. मुलीला पहिली पाळी यायच्या आधीच तिला पाळी म्हणजे काय ते नीट सांगा. तिला पाळी हा शब्द कळू दे. कावळ्याची गोष्ट नंतर गंमत म्हणून सांगता येईल.